यादी वेणाबाईंची, वाट आपली

रामदासशिष्या वेणाबाईंच्या नावावर एक छोटासा अभंग आहे. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींची गावं त्यात ओळीने सांगितली आहेत. चाफळचे दोन आधी, मग उंब्रज, पारगाव, मसूर, शहापूर, शिराळा, शिंगणवाडी, मनपाडळे, माजगाव आणि सगळ्यांत शेवटी बहे. अकरा मारुतींच्या दर्शनाला निघणाऱ्या पुष्कळ जणांना तो तोंडपाठ असतो. भक्तीने म्हणणारे तो म्हणतातच, पण मला तो प्रवासाचा आराखडा म्हणूनही फार मोलाचा वाटतो.

नकाशा पुढ्यात घ्या आणि अभंगातल्या क्रमाने बोट फिरवून पाहा. चाफळहून उंब्रज जवळच आहे. तिथून पुढचं नाव पारगाव, म्हणजे अख्खा कराड आणि वाळवा तालुका ओलांडून वारणेपलीकडे कोल्हापूर जिल्ह्यात जायचं. तिथून पुन्हा उत्तरेला मसूर आणि शहापूर. मग दक्षिणेला शिराळा. मग परत वर चाफळशेजारची शिंगणवाडी, लगेच खाली मनपाडळे, पुन्हा वर माजगाव (हे उंब्रज-चाफळ वाटेवरच आहे, पहिल्याच फेरीत लागून गेलेलं असतं) आणि मग बहे. हा क्रम जसाच्या तसा पाळायचा ठरवला तर सहा वेळा तरी पुणे-बंगळूर महामार्गावरचा पेठ नाका ओलांडावा लागेल.

मग हा क्रम स्थापनेच्या सालाप्रमाणे आहे का? तसंही नाही. या मूर्तींची स्थापना साधारण १६४५ ते १६५५ या दहा वर्षांतली मानतात. त्यात शहापूर पहिलं आणि शिराळा शेवटचं. अभंगात शहापूर सहावं येतं आणि शिराळा सातवं. वेणाबाईंचा मठ मिरजेला, म्हणजे हा सगळा मुलूख त्यांच्या ओळखीचा. कुठलं गाव कुठल्या वाटेवर आहे हे त्यांना ठाऊक नसेल, असं मानायचं कारण नाही. क्रम छंदाने लावला आहे, यमकाने लावला आहे. जे नाव जिथे कानाला गोड बसलं तिथे ते ठेवलं. चौथा, पाचवा, सहावा हे आकडे आहेत ते एकही मारुती गाळला जाऊ नये म्हणून, त्याच क्रमाने जा असं सांगायला नव्हे.

या अभंगाची माझ्या लेखी खरी गोडी इथे आहे. कुठे जायचं ते पक्कं सांगितलं आहे आणि किती ठिकाणी जायचं तेही मोजून दिलं आहे. पण कुठून निघायचं, कोणत्या वारी, किती दिवसांत, कुठे उतरायचं, दुपारी कुठे थांबायचं, याबद्दल एक अक्षर नाही. ते सगळं जाणाऱ्यावर सोडलं आहे. प्रवासाचा बेत आखताना आपण बरोबर उलटं करतो. सकाळी ७.१० ला अमुक आणि ८.०५ ला तमुक असं लिहून ठेवतो, आणि मुळात काय पाहायचं आहे, का पाहायचं आहे, हेच धूसर राहतं.

पुण्याहून पहाटे अंधारात निघून रात्री परत आणणाऱ्या एका दिवसाच्या सहली असतात. ज्यांचा नवस आहे, ज्यांना एका शनिवारीच अकरा दर्शनं पुरी करायची आहेत, त्यांच्यासाठी त्या योग्यच आहेत. त्यांच्या मनातला भाव पुरा असतो आणि ते सगळी धावपळ आनंदाने सोसतात. पण ज्याला मूर्ती बघायची आहे, गाव बघायचं आहे, बरोबर सत्तरीची आई किंवा कुरकुरणारं लहान मूल आहे, त्याच्यासाठी हा बेत जाचक ठरतो. त्यात प्रत्येक तास आधीच्या तासाच्या खांद्यावर उभा असतो. उंब्रजला चहाला वीस मिनिटं जास्त गेली की मसूरचा वेळ कापला जातो, मसूरचा कापला की शहापूर पळत उरकायचं, आणि संध्याकाळी वारणेकाठी पोचेपर्यंत गाडीतली निम्मी माणसं झोपलेली असतात. शिवाय सातव्या-आठव्या मारुतीपर्यंत डोळे थकतात. शेंदूर तेवढा आठवतो, कुठल्या मूर्तीची कुठली ठेवण ते आठवत नाही. अकरा मूर्ती अकरा तऱ्हेच्या आहेत, आणि तो फरकच हातातून निसटला तर रसिकाच्या पदरात काय पडलं?

गावांची वाटणी नीट पाहिली की वाट आपोआप सुचते. चाफळचे दोन, शिंगणवाडी, माजगाव, उंब्रज, मसूर, शहापूर असे सात मारुती सातारा जिल्ह्यात, पाटण आणि कराड तालुक्यांत एकमेकांच्या हाकेवर आहेत. बहे आणि शिराळा हे दोन सांगली जिल्ह्यात. मनपाडळे आणि पारगाव कोल्हापूर जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यात. सात, दोन, दोन. आणि या तीन पुंजक्यांच्या मध्ये, पुणे-बंगळूर महामार्गापासून थोडं आत, इस्लामपूर.

२०२५ मध्ये राज्य सरकारने गावाचं नाव ईश्वरपूर करत असल्याचं जाहीर केलं. पाटीवर कुठलंही नाव दिसो, एस.टी. तुम्हाला त्याच स्टँडवर उतरवते. इस्लामपूर हे पर्यटकांचं गाव नाही, आणि मुक्कामाला मी ते निवडतो ते त्यासाठीच. वाळवा तालुक्याची ही बाजारपेठ आहे. बियाणं, खतं, ट्रॅक्टरचे सुटे भाग, सोनं-नाणं, शाळा-कॉलेजं, दवाखाने यांच्यासाठी आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं इथे रोज येतात. त्यामुळे इथलं लॉज असो की खानावळ, ती कामाला आलेल्या माणसासाठी चालते. रात्री उशिरा आलात तरी जेवण मिळतं. थंडीच्या दिवसांत कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकरी पानात पडली तर दिवसभराच्या दगदगीचं काही वाटत नाही. औषधाचं दुकान जवळ, डॉक्टर जवळ. वयस्कर माणसं बरोबर असली की मनाची निम्मी काळजी एवढ्यानेच उतरते. दर रात्री नव्या गावी बोचकी सोडायची आणि सकाळी पुन्हा बांधायची, यासारखं दमवणारं काम प्रवासात दुसरं नाही. एकाच गावी मुक्काम ठेवून रोज हलक्या हाताने बाहेर पडावं.

आराखडा लिहायचा तो कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर मावेल एवढा. पेनाने लिहायच्या गोष्टी तीन: मुक्काम कुठे, परतीची गाडी कधी, आणि दर दिवसाचं एकच मोठं काम. बाकी सगळं पेन्सिलीने. शिराळा आणि बहे यांची अदलाबदल होऊ शकते म्हणून ती दोन नावं शेजारी लिहायची, वार घालायचा नाही. आणि एक दिवस कोराच ठेवायचा. तो वाया जात नाही. पाऊस, पोट, पंक्चर, नाहीतर वाटेत भेटलेला जुना मित्र, यांतलं कुणी ना कुणी तो दिवस मागून घेतंच. कुणीच मागितला नाही तर तो आपलाच.

सात मारुतींचा दिवस हा या बेतातला सगळ्यांत भरगच्च दिवस. सकाळी लवकर निघावं, महामार्गाने कराड मागे टाकून उंब्रजला वळावं आणि आधी थेट चाफळ गाठावं. वाटेत माजगाव लागतं, पण मी ते परतताना घेतो. सकाळचा ताजा डोळा चाफळला द्यावा. मांड नदीच्या काठचं हे गाव. रामाचं आजचं देऊळ उद्योगपती अरविंद मफतलाल यांनी जीर्णोद्धार करून बांधलेलं, भव्य आणि स्वच्छ. पण रसिकाने अधिक वेळ द्यावा तो रामासमोर हात जोडून उभ्या असलेल्या दासमारुतीला. त्याचं देऊळ समर्थांच्या काळातलं, साधं आणि बुटकं. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपातही ते टिकलं, असं गावात अभिमानाने सांगतात. मूर्ती माणसाच्या उंचीची. बळाचा देव, पण उभा आहे तो नम्रपणे. मग देवळाच्या मागच्या बाजूला जायचं. तिथला प्रतापमारुती म्हणजे त्याच देवाचं दुसरं रूप, आवेशाने उसळलेलं. एकाच गावात, एकाच माणसाने, हाकेच्या अंतरावर हे दोन भाव उभे केले. दोघांमध्ये चार-दोन वेळा जा-ये करून पाहावं. इथे घड्याळ पाहायची वेळ आली तर बेत चुकला असं खुशाल समजावं.

शिंगणवाडीचा मारुती टेकडीवर आहे, देऊळ लहान, वारा मोठा. चढ फार नाही, पण गुडघे दुखणाऱ्यांनी खाली थांबायचं ठरवलं तर त्यांना आग्रह करू नये. माजगावला एका मोठ्या दगडावर मारुती कोरलेला आहे. गावाच्या वेशीवरच्या, घोड्याच्या आकाराच्या दगडाला लोक मारुती मानून पूजत होते, समर्थांनी त्यावरच मूर्ती कोरवली, असं सांगतात. उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते, आणि तिथला मारुती चुना, वाळू आणि ताग यांचा.

दिवसाचा उत्तरार्ध मसूर आणि शहापूरसाठी राखावा. हे दोन्ही मारुती चुन्याचे, दोन्ही पहिल्या काळातले, आणि गावंही शेजारशेजारची. म्हणूनच ते पाठोपाठ पाहण्यात मजा आहे. शहापूरचा उंचापुरा, मुद्रा थोडी उग्र, डोक्यावर गोंड्याची टोपी. मसूरचा त्या मानाने सौम्य, घडणीला रेखीव. सगळ्या अकरांत मला तो देखणा वाटतो आणि असं म्हणणारा मी एकटा नाही. दगड कोरताना कारागीर छिन्नीने नको ते काढत जातो. चुन्याचं काम याच्या उलट, थरावर थर चढवत जायचं. त्यामुळे मसूरच्या मूर्तीला जी गोलाई आली आहे ती माजगावच्या दगडात येणं शक्य नाही, आणि माजगावच्या दगडात जो रांगडेपणा आहे तो चुन्यात उतरणं शक्य नाही. सकाळी माजगाव आणि दुपारी मसूर पाहिलेल्याला हे न सांगता कळतं. इतर कशाला नाही तरी एवढ्यासाठी या दिवसात सैल वेळ हवा.

सात होतील न होतील. न झाले तर शहापूर दुसऱ्या दिवशी ठेवावं. मसूरला पुणे-मिरज मार्गावरचं रेल्वे स्टेशन आहे. परतीला रेल्वे धरणार असाल तर मसूर-शहापूर अगदी शेवटच्या दिवसासाठी राखून तिथूनच घरची गाडी पकडता येते. अभंगाने क्रम बांधून दिलेला नाही, त्याचा फायदा असा घ्यायचा.

आता बहे. अभंगात हे नाव शेवटी येतं आणि इस्लामपुराहून ते सगळ्यांत जवळ, अर्ध्या तासाच्या आतलं. जवळचं म्हणून घाईत उरकावं असं मात्र नाही. कृष्णेच्या पात्रात बेट आहे, त्यावर रामलिंगाचं ठिकाण. राम इथे शिवलिंगाची पूजा करत असताना नदीला लोंढा आला, मारुतीने दोन्ही हात पसरून पाणी अडवलं, प्रवाह दुभंगला आणि मधे हे बेट उरलं, अशी कथा. मूर्तीकडे पाहताना ही कथा मनात असावी. हात शरीरापासून बाजूला, खाली टेकल्यासारखे, जणू दोन्ही अंगांना अजून पाणी थोपवून धरलं आहे. इतर ठिकाणी मारुती झेपावतो, हात उगारतो, हात जोडतो. इथे तो फक्त उभा आहे आणि सगळं बळ त्या उभं राहण्यात आहे. देवळामागे जाऊन नदीकडे पाहिलं की प्रवाह बेटाच्या दोन्ही बाजूंनी वाहताना दिसतो आणि कथा कुणाला का सुचली असेल ते डोळ्यांना पटतं.

या बेटाचं वेळापत्रक मात्र आपल्या हाती नाही, ते कोयना धरणाच्या हाती आहे. कोयना नदी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि ते पाणी खाली बहेवरून सांगलीला जातं. १०५ टीएमसीचं ते धरण पावसाळ्यात भरत आलं की दरवाजे उचलून विसर्ग सोडतात. त्यात धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी यांचं पाणीही येऊन मिळतं. मग बेटाला वेढा पडतो आणि वाट बंद होते. कृष्णाकाठची माणसं जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी पेपर उघडून आधी हे क्युसेकचे आकडे वाचतात आणि सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी पाहतात. तिथे ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या पुढे गेली होती. पावसाळ्यात इकडे येणाऱ्याने हॉटेलांची परीक्षणं वाचण्यापेक्षा हे आकडे वाचावेत.

एकदा श्रावणात बहेच्या वाटेवर चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवून तिथे बसलेल्या आजोबांना विचारलं होतं, "मामा, बेटावर जाता येईल का हो?"

त्यांनी आमच्याकडे, मग गाडीत बसलेल्या आईकडे पाहिलं. "आज न्हाई. वरनं पानी सोडलंय. दोन दिस जाऊ द्या, उतरंल."

"मग आज काय करावं?"

"आज शिराळ्याला जावा की. त्यो काय नदीत न्हाई."

कागदावर शिराळा आणि बहे शेजारीच लिहिलेले होते, पेन्सिलीने. चहा झाला, गाडी वळवली, पेठ नाक्यावरून शिराळ्याच्या रस्त्याला लागलो. कुणाचा चेहरा उतरला नाही, कुणी कुणाला बोललं नाही. वार घालून पेनाने लिहिलं असतं तर त्या टपरीवरच घरातलं वातावरण तापलं असतं.

शिराळ्याचा मारुती एस.टी. स्टँडजवळच आहे. उत्तराभिमुख, भव्य, आणि देवळाच्या बांधणीत एक सुंदर कल्पना आहे. मूर्तीच्या मुखाच्या पातळीवर दोन्ही बाजूंना झरोके आहेत. सकाळी एका बाजूने आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूने उन्हाचा कवडसा मुखावर पडतो, असं सांगतात. म्हणजे बहे जसं पाण्याच्या वेळेने पाहायचं, तसं शिराळा उन्हाच्या वेळेने. इथे भर दुपारी जाण्यात अर्थ नाही. दिवस कलताना जावं आणि बसून राहावं. पावसाळी ढगात कवडसा मिळाला नाही तर झरोके तरी निरखावेत: बांधणाऱ्याने सूर्याची दिशा किती नेमकी धरली आहे ते कळतं. एकच दिवस मात्र कटाक्षाने टाळावा, तो नागपंचमीचा. बत्तीस शिराळ्याची, म्हणजे याच गावाची, नागपंचमी जगजाहीर आहे. त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते आणि पेठ नाक्यापासूनच गाड्यांची रांग लागते. नागपंचमीच पाहायची असेल तर तो वेगळा प्रवास, त्याला मारुतीच्या यादीत कोंबू नये.

ऋतूंचं गणित मांडायचंच झालं तर मी दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने निवडेन. हवा कोरडी, कृष्णेचं पाणी उतरलेलं, बेट मोकळं. उन्हाळ्यात नदीची अडचण नसते, पण चैत्र-वैशाखात दुपारी देवळाच्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही. त्या दिवसांत अकरा ते चार ही वेळ सरळ झोपेची म्हणून लिहावी. थंडीत अडवणारी गोष्ट वेगळीच, ती म्हणजे ऊस. अकरा मारुतींच्या नकाशावर साखर कारखान्यांचा नकाशा ठेवून पाहा. मसूरच्या अंगाला यशवंतनगरचा सह्याद्री, रेठऱ्याला कृष्णा, इस्लामपूरला लागून साखराळ्याचा राजारामबापू, शिराळ्याकडे चिखलीचा विश्वास, पारगावपाशी वारणा. हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या या सगळ्या रस्त्यांवर दिवसरात्र चालू असतात. अरुंद रस्त्यावर अशा ट्रॅक्टरमागे सापडलात की पुढे काढता येत नाही, आणि काढण्याचा प्रयत्न करूही नये. महामार्गाच्या रुंदीकरणाची कामं आणि वळवलेले रस्ते आहेतच. म्हणून या भागात फोनवरचा नकाशा जेवढा वेळ दाखवतो त्याच्या दीडपट धरावा. ती घाई नाहीशी झाली की तोच रस्ता बघण्यासारखा होतो. रात्रीच्या थंडीत तोडकऱ्यांच्या खोपट्यांसमोर पेटलेल्या चुली, पहाटे बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, कारखान्याच्या बाजूने येणारा मळीचा उग्र वास. हाही कृष्णाकाठच आहे, आणि घर सोडून महिनोन्‌महिने इथे राबणारी ती माणसं पाहिल्याशिवाय या मुलखाची ओळख पुरी होत नाही.

कोऱ्या ठेवलेल्या दिवसाचं काय करावं, हा प्रश्न इथे पडत नाही. कोळे नरसिंहपूरला कृष्णेच्या काठावर ज्वालानृसिंहाचं देऊळ आहे, पायऱ्या उतरून मूर्तीपाशी जावं लागतं. मच्छिंद्रगड आहे. त्याच्या पायथ्याच्या बाजूला येडेमच्छिंद्र, क्रांतिसिंह नाना पाटलांचं गाव. वाटेगाव आहे, जिथे १ ऑगस्ट १९२० रोजी अण्णाभाऊ साठे जन्मले. अण्णाभाऊंच्या कथांतली माणसं ज्यांनी वाचली आहेत त्यांनी वारणेचं खोरं एकदा डोळ्यांनी पाहावंच. यातलं कोणतं घ्यायचं ते त्या दिवशी सकाळी चहा पिताना ठरवावं, आणि ठरवायचं काम बरोबरच्या सगळ्यांत धाकट्या किंवा सगळ्यांत थोरल्या माणसाला द्यावं. आमच्या घरात हे काम आईकडे असतं. एकदा तिने काहीच नको म्हटलं, तिला इस्लामपूरच्या बाजारात तांब्याची भांडी पाहायची होती. तो दिवस तिच्या आठवणीत चाफळच्या बरोबरीने आहे.

स्वतःची गाडी नसेल तर एस.टी. आहे. महामंडळाची 'आवडेल तेथे प्रवास' ही योजना १९८८ पासून चालू आहे. चार किंवा सात दिवसांचा पास काढला की त्या मुदतीत हवं तिथे चढा, हवं तिथे उतरा. पुण्या-मुंबईहून येणाऱ्याला जाण्यायेण्याचा प्रवास धरून तो परवडतो, इथल्या इथे फिरणाऱ्याला कदाचित परवडणार नाही. महिलांना २०२३ पासून तिकिटात निम्मी सवलत आहे आणि ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत, तेव्हा आधी हिशेब करून पाहावा. पण पासाचं खरं सुख पैशाचं नाही. चुकीच्या गाडीत बसलो तरी तिकीट वाया गेल्याची रुखरुख नसते आणि मधल्या एखाद्या गावी नुसतं पाहावंसं वाटलं म्हणून उतरता येतं. कराड, उंब्रज, पेठ नाका, शिराळा इथे गाड्यांची वर्दळ आहे. शिंगणवाडी, बहे, मनपाडळे यांच्यासाठी मात्र गाडीची वाट पाहण्यापेक्षा जवळच्या मोठ्या गावातून रिक्षा ठरवावी. जाऊन-येऊन, थांबण्यासकट किती घेणार ते आधी मोकळेपणाने बोलून घ्यावं. थांबण्याचा वेळ जरा जास्तच सांगावा म्हणजे देवळात बसलेलं असताना बाहेरचा हॉर्न ऐकू येत नाही.

राहिले मनपाडळे आणि पारगाव. पेठ नाक्यावरून महामार्गाने दक्षिणेला, वारणा ओलांडून. पारगावचा मारुती अकरांत सगळ्यांत लहान, जेमतेम दीड फुटाचा. शहापूरचा उंच मारुती डोळ्यांत असताना तो पाहिला की एवढ्याशा आकारात धावण्याचा वेग कसा पकडला आहे याचं नवल वाटतं. म्हणून हे दोन सातांच्या दिवसानंतर घ्यावेत, आधी नव्हे. सगळ्या बेतात क्रमाबद्दल माझा आग्रह असलाच तर एवढाच. मनपाडळ्याहून जोतिबाचा डोंगर आणि पन्हाळा दूर नाहीत. ज्यांना कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जायचं आहे त्यांनी हा दिवस शेवटचा ठेवून इस्लामपूरची खोली सकाळीच सोडावी आणि परतीचा प्रवास कोल्हापूरहून करावा. ज्यांना पुण्याकडे परतायचं आहे त्यांनी माझा वरचा आग्रह बाजूला ठेवून तो दुसऱ्या दिवशी घ्यावा आणि मसूर-शहापूर शेवटी ठेवावं. आणि यातलं एखादं गाव राहूनच गेलं तर पुढच्या खेपेच्या कागदावर ते पहिलं नाव लिहावं, या वेळी पेनाने.